मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून राहायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमरावतीहून दोनेक तासांवरच्या एका कृषी महाविद्यालयात तुम्हाला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून बोलावलंय. आवारातच क्वार्टर, भाडं नाही, दिवसा थोडे तास शिकवायचं आणि वर ठरावीक मानधन. यजमानांची नोकरी अमरावतीतच राहणार, ते शनिवार-रविवारी येतील. मुलगा 4 वर्षांचा. अर्धवट राहिलेला नेटचा (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास तिथल्या शांततेत पुरा होईल अशी आशा आहे. सासूबाई म्हणतात, "पोरींचं होस्टेल म्हंजे काय, राती कुलूप लावाचं अन् सकाळी खोलाचं." आणि तुम्ही विचारताय की काम नेमकं किती असतं.

मी विदर्भातल्या खेड्यांतल्या कृषी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत राहूनच हे काम केलंय, अजून करतेय. काम मोजायला गेलात तर दिवसाचं दोन-तीन तासांचंच भरेल: हजेरी, मेसवर नजर, दोन-चार अर्ज, नळ-मोटरीच्या तक्रारी. सासूबाई त्या हिशेबाने फार चुकत नाहीत. पण रात्री दोन वाजता दार वाजलं तर तुमच्या हातात काय असतं, यावर ही नोकरी झेपेल की नाही ते ठरतं. गाडी आहे का, पैसे आहेत का, कुणाला न विचारता निर्णय घ्यायची मुभा आहे का, आणि तुम्ही मुलीला घेऊन दवाखान्यात गेलात तर मागे उरलेल्या शंभर मुलींजवळ कोण थांबणार? मी तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे याच बाजूने बघते, म्हणून उत्तरही तसंच देते.

वसतिगृह कोणाचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. समाज कल्याणच्या शासकीय वसतिगृहात गृहपालाचं पद असतं. ती पूर्ण सरकारी नोकरी, नियम शासन निर्णयात लिहिलेले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या स्वतःच्या, म्हणजे घटक महाविद्यालयांत रेक्टर बहुधा प्राध्यापकांपैकीच कुणीतरी असतात, पण त्यांच्यामागे विद्यापीठाचा पसारा असतो: स्थापत्य विभाग, वायरमन, सुरक्षारक्षक, वाहनं. तिसरा प्रकार खासगी, विनाअनुदानित संलग्न महाविद्यालयांचा. तिथे संस्थेच्या अध्यक्षांचा शब्द हाच नियम. तुमच्या वर्णनावरून तुमचं तिसऱ्यात बसतंय, म्हणून मी पुढे त्याच हिशेबाने लिहितेय. संस्था चांगली असेल तर इथे कामं सरकारीपेक्षा लवकर होतात, हेही खरं. वायरमन हवा असेल तर अर्ज नको, एक फोन पुरतो.

आता रात्रीचं एक उदाहरण. श्रावणातली रात्र, पाऊस थांबून उकडत होतं. पहाटेच्या सुमारास दोन मुली दाराशी. "मॅडम, तिचं पोट लय दुखून राहिलं, अन् डोये उघडून नाई राहिली ती." आदल्या संध्याकाळी रविवारची फीस्ट झालेली, पनीर आणि गुलाबजाम. त्यामुळे मुलींनी ॲसिडिटी ठरवून इनो पाजून टाकलेलं. खोलीत जाऊन पाहिलं तर ती खाली सतरंजीवर होती, कारण पंखा नीट लागेल असा पलंग एकच आणि तो दुसरीचा. बोलताना जीभ जड. पापण्या वर उचलायचा प्रयत्न करत होती, त्या अर्ध्यावर अडकत होत्या. चाव्याची खूण सापडली नाही, सूज नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस, पहाटेची पोटदुखी आणि मिटत जाणाऱ्या पापण्या, एवढं जुळलं की आमच्याकडे मण्यार चावली असं धरूनच चालायचं. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा बहुतेकदा जाणवतही नाही आणि तिच्या विषाने काही तासांत श्वासाचे स्नायू काम सोडतात.

108 ला फोन केला. गाडी दुसऱ्या टोकाला गेलेली होती. प्राचार्यांचा फोन बंद. मग महाविद्यालयाची गाडी काढली, गावातल्या ड्रायव्हरला उठवलं, एका मुलीला सोबत घेतलं आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिथे अँटिव्हेनम सुरू झालं आणि श्वासाची खात्री नसल्याने पुढे सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून पोरगी बरी झाली, पुढे पदवीही घेतली.

ही गोष्ट सापासाठी सांगत नाहीये. त्या रात्री उपयोगी पडल्या त्या आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टी. गाडीची दुसरी चावी माझ्याकडे असायची. कपाटात तातडीची रोख असायची, तिचा हिशेब दर महिन्याला कार्यालयात जायचा. आणि "जिवाला धोका असल्यास रेक्टरने परवानगीची वाट न पाहता विद्यार्थिनीस रुग्णालयात हलवावे" असं एका ओळीचं कार्यालयीन पत्र माझ्या फाइलला लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी "विचारलं का नाही" हा प्रश्न आलाच. पत्र पुढे केलं, विषय तिथेच मिटला. ते पत्र नसतं तर मुलगी वाचूनही मला मेमो मिळाला असता. आणि हो, मी गेल्यावर मागे वसतिगृहाच्या मदतनीस मावशी होत्या. रात्रपाळीची मावशी नसलेल्या वसतिगृहात पाऊलही टाकू नका. "गरज पडली तर बोलावून घेऊ" हे उत्तर ऐकून घेऊ नका, कारण गरज पडते तेव्हा बोलावायला वेळच नसतो.

संस्था तुमच्यासमोर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे रॅगिंगविरोधी विनियम ठेवेल. त्यात वसतिगृहाचा वॉर्डन तिथेच किंवा अगदी जवळ राहणारा हवा, आणि कोणत्याही वेळी उपलब्ध हवा, असं स्पष्ट आहे. "मॅडम, नियमच आहे चोवीस तासांचा." बरोबर, पण त्याच कलमात वॉर्डन पूर्णवेळ असावा असंही आहे, आणि शिस्तीबरोबर मुलांशी बोलण्याचं, समुपदेशनाचं अंग असलेला माणूस या पदावर नेमावा असंही. म्हणजे दिवसा तासिका, परीक्षेची ड्युटी, मूल्यांकनाच्या फाइली आणि वर वसतिगृह "अतिरिक्त कार्यभार" म्हणून, हे त्या नियमाच्या नावाखाली बसत नाही. तुम्ही भांडायला जाऊ नका, फक्त ते पान उघडून विचारा: पूर्णवेळ धरायचं तर माझ्या तासिका किती? आठवड्यातली कोणती एक रात्र माझी नाही? त्या रात्री सही कुणाची चालेल? ती रात्र ठरलेली नसली की सुट्टी कागदावरच राहते, कारण प्रत्येक शनिवारी कुणीतरी आजारी असतंच.

फुकट क्वार्टरचाही हिशेब करून घ्या. राहायची जागा मिळाली की घरभाडे भत्ता मिळत नाही, त्यामुळे "भाडं वाचलं" हे सगळं खरं नसतं. मानधन मेस चालू असलेल्या महिन्यांचंच की बारा महिन्यांचं, हे विचारा. वीजबिल वेगळ्या मीटरवर आहे की होस्टेलच्या, हेही. एकाच मीटरवर असलं की उन्हाळ्यात "मॅडमचा कूलर" हा चर्चेचा विषय होतो.

क्वार्टर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय हो म्हणू नका. बघायला जाल तेव्हा रंग आणि फरशीपेक्षा दार बघा. मुलींच्या वसतिगृहातल्या क्वार्टरला बाहेरून स्वतंत्र दार असलंच पाहिजे. तुमचे यजमान शनिवारी रात्री साडेनऊच्या एसटीने उतरून येणार; त्यांनी मुलींच्या गेटमधून, व्हरांड्यातून यायचं, हे त्यांनाही नको वाटेल आणि मुलींनाही. सासरे आले, भाऊ आला, तर तेच. स्वतंत्र दार नसेल तर भिंत फोडून करून द्या म्हणायचं. मी तसं करून घेतलंय, गवंड्याचं दोन दिवसांचं काम असतं. आतून वसतिगृहात उघडणारं दुसरं दारही हवं, पण त्याची कडी तुमच्या बाजूला.

मुलाचं म्हणाल तर 4 वर्षांच्या पोराला अख्खं वसतिगृह म्हणजे आजोळ. वेगवेगळ्या भागांतून आलेल्या मुली त्याला आपापल्या बोलीत मोजायला शिकवतील. तो आजारी असताना मात्र अडचण येते. त्या रात्री दुसरी कुणी आजारी पडली तर? मावशी तुमच्या घरात बसतील की वसतिगृहात? यजमान तिथे नसणार, म्हणून हे आजच ठरवा. आणि नऊ-दहा वर्षांचा झाला की मुलींच्या व्हरांड्यात त्याचं येणं-जाणं आपोआप बंद करावं लागतं. तोपर्यंतचाच विचार सध्या पुरे.

घंटीचा नियम पहिल्याच आठवड्यात लावा. माझा असा: संध्याकाळी 7 ते 8 मी ऑफिसात बसते, तेव्हा सुट्टीचे अर्ज, खोली बदल, पंखा, मेस, काहीही. त्यानंतर घंटी वाजली तर ती आजारपण, भांडण, भीती किंवा साप-विंचू यासाठी. "मॅडम, झोपल्या का?" असा मेसेज अकराला आला तर मी उत्तर देत नाही, पण उठून एक चक्कर मारते. त्या प्रश्नामागे नेहमी दुसरं काहीतरी असतं, आणि ते मेसेजवर कळत नाही.

आता पैशांचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेल्याला हे दिसतच नाही. आमच्या मुलींचे बाप बहुतेक कापूस-सोयाबीनवाले. त्यांच्या घरात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, आणि खरा कापूस वेचून विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे. महाविद्यालय सुरू होतं पावसाळ्यात, जेव्हा घरातला सगळा पैसा बियाण्यात, खतात आणि फवारणीत गेलेला असतो. म्हणून मेसची सगळ्यात जास्त थकबाकी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत साचते. "बाबा म्हणते, कापूस इकला की देतो" हे वाक्य मी दर वर्षी त्याच महिन्यांत ऐकते आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. शिष्यवृत्ती महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरून येते, पण तिचा हप्ता कधी पडेल यावर मेसवाल्याचा किराणा अवलंबून ठेवता येत नाही. मग कॉन्ट्रॅक्टर रेक्टरच्या मागे लागतो: "मॅडम, ज्यांचं बाकी आहे त्यांचं ताट बंद करू का?"

ताट बंद करायची परवानगी मी देत नाही, आणि हे त्याला जुलैतच सांगून ठेवते. त्याऐवजी थकबाकीचे हप्ते पिकाच्या हिशेबाने लावून घ्यायचे, थोडे दिवाळीआधी आणि मोठा भाग मकरसंक्रांतीपर्यंत. कॉन्ट्रॅक्टरला खात्री हवी असते, उधारी त्याला नवी नसते. लेखी हप्ते, खाली पालकाची सही आणि माझी सही, एवढ्यावर गडी ऐकतो. मात्र रेक्टरने स्वतःच्या खिशातून कुणाचंही मेसबिल भरू नये. एकीचं भरलं की दहा जणी दाराशी, आणि नाही म्हटलं तर जातीवरून केलं असं बोललं जातं. गरजू मुलीला कोणत्या योजनेत बसवता येईल ते बघणं जास्त कामाचं. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना. निकष आणि मुदती दर वर्षी तपासाव्या लागतात, पण निम्म्या मुलींना ही नावंच माहीत नसतात. प्रवेशाच्या दिवशीच उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आधारला जोडलेलं बँक खातं आहे का एवढं विचारून घेतलं तर पुढची बरीच धावपळ वाचते.

मेसचं रजिस्टर रोज वाचा. मला मुलींबद्दल जे कळतं त्यातलं अर्धं त्यातूनच कळतं. चांगली जेवणारी मुलगी अचानक आठवडाभर रात्रीचं ताट कट करते, तेव्हा कारण पैशाचं तरी असतं, नाहीतर मनाचं, नाहीतर मेसमध्ये कुणाच्या शेजारी बसायचं नाही याचं. एका मुलीने कट टाकले होते कारण घरी नापिकी झाली होती आणि वाचलेले पैसे ती धाकट्या भावाच्या क्लासला पाठवत होती. तिने हे मला सांगितलं नाही. मी तिला मेस कमिटीत घेतलं; कमिटीतल्या मुलींनी रोज चव घ्यायची असते, म्हणजे दोन्ही वेळा जेवावंच लागतं. सगळ्याच गोष्टी समोर बसवून विचारायच्या नसतात.

यवतमाळ, वर्धा, अमरावती या भागांत असताना हेही डोक्यात ठेवा की काही मुलींच्या घरी बापाने जीव दिलेला असतो. प्रवेश अर्जात पालकाच्या जागी आईचं किंवा मामाचं नाव असतं, एवढंच दिसतं. त्या मुलींना वेगळी वागणूक नको असते. पण कर्जाच्या नोटिसा, बँकेचे फोन यांनी त्या हादरतात. मुलगी खचलीय असं वाटलं तर तिला त्या रात्री एकटी ठेवायचं नाही, तिच्या खोलीत विश्वासाची मैत्रीण झोपवायची, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, आणि डॉक्टरकडे नेणं उद्यावर ढकलायचं नाही. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करून घेतलेल्या मुलीवर गुन्हा दाखल होईल या भीतीने काही संस्था प्रकरण दाबतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं सांगितलंय, शिक्षा द्यायची नाही. प्राचार्यांना हे माहीत नसेल तर सांगायचं काम तुमचं.

गेटच्या वेळेवरून तुमची पहिली परीक्षा होईल. मुलांच्या वसतिगृहाला दहा आणि मुलींना सात, हे मुली तुम्हाला पहिल्याच महिन्यात विचारतील, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. "मुलींची जबाबदारी असते" हे उत्तर त्यांना घरून पाठ असतं. आमच्याकडे खरं कारण वेगळं होतं: फाट्यावर एसटी सोडते, तिथून आवारापर्यंत दीडेक किलोमीटर अंधार, एका बाजूला तुरी-पऱ्हाटीचं शेत. मी वेळ आणखी आत ओढण्याऐवजी त्या रस्त्यावर दिवे मागितले आणि शेवटच्या गाडीला मावशी-चौकीदाराची जोडी फाट्यावर पाठवायची पद्धत पाडली. दिवे लागल्यावर वेळ वाढवून घेता आली. सगळीकडे एवढं जमेल असं नाही. जंगलालगतच्या, वाघ फिरणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आवारात सातनंतर बाहेर न पडणं हे मुलग्यांनाही लागू असतं, आणि तिथे कुणी वादही घालत नाही.

भेटायला येणाऱ्या "मावसभावां"चं रजिस्टर ठेवायचं, प्रवेशाच्या वेळी पालकांनी दिलेली नावं-फोटो जुळवायचे, एवढं शिस्तीचं. पण मुलीचं कुणाशी जुळलंय असं कळलं की लगेच घरी फोन करणाऱ्या रेक्टर मी पाहिल्यात, आणि त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. आपल्याकडे असा फोन गेला की पुढच्या आठवड्यात बाप येतो, सामान बांधतो, आणि उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका येते. मुलीचं शिक्षण तुमच्या एका फोनने संपतं. म्हणून आधी मुलीशी बोलायचं. ती सज्ञान आहे आणि धोका नाही, तर वसतिगृहाचे नियम सांगायचे आणि थांबायचं. धमक्या, फोटो पसरवायची भीती, पाठलाग असं काही असेल तर अंतर्गत तक्रार समिती आणि पोलीस, तेही मुलीला सोबत घेऊन. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पहिल्या वर्षाला येणाऱ्या काही मुली 18 च्या आतल्या असतात. त्यांच्याबाबतीत लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना द्यावीच लागते, तिथे तुमच्या-माझ्या मताला जागा नाही. प्रवेशानंतर जन्मतारखांची यादी काढून ठेवत जा.

रॅगिंगबद्दल कागदपत्रं तुम्हाला मिळतीलच: शपथपत्रं, 1800-180-5522 हा क्रमांक, नवीन मुलींसाठी वेगळा ब्लॉक, प्रकार घडल्यास 24 तासांत पोलिसांत तक्रार, राज्याचा 1999 चा कायदा तर आधीपासून आहेच. कागदात न दिसणारं एक सांगते. मुलींच्या "इंट्रो"मध्ये नाव-गावापाठोपाठ "सीईटीला किती पडले? कोणत्या राउंडला लागला?" असं विचारतात. ऐकायला साधं आहे, पण ते जात काढायचं तंत्र असतं, आणि पुढे कोण कोणाच्या खोलीत राहील ते त्यावरून हलायला लागतं. मी खोल्या मुलींना निवडू देत नाही, पहिल्या वर्षाला चिठ्ठ्या टाकते, आणि खोली बदलाच्या अर्जावर कारण लिहायला लावते. खरं कारण लिहायची हिंमत फारशी कुणाची होत नाही, त्यामुळे अर्ज आपोआप कमी होतात.

उन्हाळा हा मुलाखतीत कुणी काढत नाही असा विषय. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या पुढे जातो, त्यातच परीक्षा, आणि प्रत्येक खोलीला घरून आणलेला लोखंडी पत्र्याचा कूलर हवा असतो. इमारतीची वायरिंग दिवे-पंख्यांच्या हिशेबाने केलेली असते. तिसरा कूलर सुरू झाला की मजल्याची वीज जाते आणि कुणीतरी फ्यूजला जाड तार गुंडाळते. जळालेल्या वायरपेक्षा मला भीती वाटते ती कूलरच्या पत्र्याला येणाऱ्या करंटची. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे कूलरमध्ये पाणी भरताना माणूस दगावल्याची बातमी असते. म्हणून क्वार्टर बघायला जाल तेव्हा मजल्यावरची वीज वितरणाची पेटी उघडायला लावा. त्यात 30 मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारं बटण) आहे का, अर्थिंग कधी तपासलं, हे वायरमनला विचारा. नसेल तर जॉइन होण्याची अट म्हणून घाला, खर्च फार नसतो. माझ्याकडे कूलरची नोंदणी असते, वायरमनने तपासून पट्टी चिकटवल्याशिवाय प्लग लावायचा नाही, आणि पाणी भरायचं ते प्लग काढून हातात धरूनच. "मॅडम लय किटकिट करते" असं मुली म्हणतात. म्हणू देत. गच्चीवर झोपायची परवानगी मात्र मी देते, कठडा पुरेसा उंच असेल आणि मावशी वर झोपत असतील तर. पावसाळ्यात खाली झोपणं बंद. पलंग आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, हा मण्यारीवरचा साधा आणि खरोखर चालणारा उपाय आहे.

नेटचा अभ्यास? होईल, पण रात्रीच्या शांततेवर विसंबू नका. ती शांतता तुमची नसते, कान उघडेच राहतात. जुलै ते सप्टेंबर काही होणार नाही: प्रवेशाचे राउंड लांबत जातात, नवीन मुली टप्प्याटप्प्याने येतात, रडतात, आजारी पडतात. पोळ्याला वसतिगृह ओस पडतं, दिवाळीत पूर्ण रिकामं होतं. शेवटच्या वर्षाच्या मुली रावेसाठी (ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी) खेड्यांत राहायला गेल्या की गर्दीही कमी होते. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी या नोकरीत राहून परीक्षा दिली, त्यांनी सकाळी नऊ ते बारा, मुली वर्गात असताना अभ्यास केला. म्हणून तासिका दुपारच्या मागा.

तर संस्थेकडून लेखी घ्यायचं ते इतकंच: परवानगीशिवाय दवाखान्यात न्यायची मुभा, गाडी आणि तातडीची रोख, रात्रपाळीची मावशी, आठवड्यातली एक मोकळी रात्र आणि त्या रात्री सही करणाऱ्याचं नाव. स्वतंत्र दार आणि आरसीसीबी हे डोळ्यांनी बघून यायचं. हे मिळत असेल तर जा. तुमच्या वयाला आणि परिस्थितीला ही नोकरी वाईट नाही. "तुम्ही या तर मॅडम, मग करून घेऊ" असं म्हणत असतील तर मी गेले नसते.

शक्य असेल तर जुलैऐवजी मेच्या शेवटी रुजू व्हा, म्हणजे मुली यायच्या आधी मोटर, टाकी, मावशी आणि गावातला ड्रायव्हर यांची ओळख होऊन जाते. आणि पत्र मराठीत आहे की इंग्रजीत याने फरक पडत नाही, पण त्यावर जावक क्रमांक घालून घ्या. बिनक्रमांकाचं पत्र दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणालाच आठवत नाही.